सावकाराचा वाडा कुणी राखायचा?

जुना वाडा दिसला की आपण आधी विचारतो, कुणाचा? पेशव्यांचा, नाना फडणविसांचा, टिळकांचा, जोतीरावांचा असं उत्तर आलं तर त्या वास्तूला पाटी लागते, तिच्यासाठी निधीची मागणी होते, तिचा दगड हलला तरी वर्तमानपत्रात बातमी येते. उत्तरात एखाद्या सराफाचं, कापडाच्या किंवा भुसाराच्या व्यापाऱ्याचं, सावकारी पेढीचं नाव आलं तर चौकशी तिथेच संपते. पुण्याची रविवार पेठ, नाशिकचा सराफ बाजार, वाई, सातारा, येवला, पैठण या गावांच्या जुन्या बाजारांत ज्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या गावाचा पैसा फिरला, ती घरं एकामागून एक पडत आहेत. त्यांच्यासाठी कुणी उपोषणाला बसत नाही. माझं म्हणणं असं की ही घरं राखायला हवीत, आणि ती श्रद्धेच्या भरवशावर राहणार नाहीत. व्यापाऱ्याबद्दल आपल्या मनात श्रद्धा कधी नव्हतीच. म्हणून मालक, भाडेकरू आणि महापालिका या तिघांच्या हिशेबात बसेल असा मार्ग काढायला हवा.

आधी ही घरं कशासाठी मोलाची आहेत ते पाहू. मराठी राज्याचा इतिहास आपण घोड्याच्या पाठीवर बसून सांगतो. त्या घोड्याच्या चंदीचे पैसे कुठून आले, हे फारसं सांगत नाही. पेशव्यांच्या सोयरिकीच पाहा. पहिल्या बाजीरावांची पत्नी काशीबाई ही चासच्या महादजी कृष्ण जोशी या सावकाराची लेक. नानासाहेबांची पत्नी गोपिकाबाई वाईच्या रास्त्यांची, तेही सावकारच. बाजीरावांची बहीण भिऊबाई दिली ती बारामतीच्या नाईक सावकारांच्या घरी. याच बाजीरावांनी आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत कर्जाची तळमळ पानोपानी आहे. फौज नर्मदेपार गेली तरी तिचा पगार पुण्यातल्या, इंदूर-उज्जैनच्या पेढ्यांवर अवलंबून असे. एका पेढीवर रक्कम भरायची, दुसऱ्या गावी हुंडी वटवायची. ही सगळी उलाढाल कुठल्या किल्ल्यात होत नव्हती. ती होत होती बाजारातल्या एका घराच्या ओसरीवर, गादीवर बसून.

अहमदाबादची गोष्ट याहून थेट आहे, आणि तिच्यात आपण मराठी माणसं दुसऱ्या बाजूला उभे आहोत. १७२५ साली गुजरातचा मुघल नायब सुभेदार हमीदखान याच्या बंडात मराठी फौजा त्याच्या साथीला होत्या आणि शहर लुटलं जाण्याची वेळ आली होती. तेव्हा शांतिदास झवेरींच्या वंशातल्या नगरशेठ, म्हणजे शहरातल्या व्यापाऱ्यांचे प्रमुख, खुशालचंदांनी पदरची मोठी रक्कम देऊन ती लूट टाळली. शहरातल्या व्यापाऱ्यांनी मग एकत्र येऊन त्यांना आणि त्यांच्या वंशजांना मालाच्या दर शंभर रुपयांमागे चार आणे देण्याचं लिहून दिलं. ज्या शहरात व्यापारी असे निर्णय घेत होते, तिथल्या हवेल्यांना केवळ श्रीमंतांची घरं म्हणून चालणार नाही. नगरपालिका नावाची गोष्ट अस्तित्वात येण्याआधीची ती नागरी संस्था होती.

आता घराकडे वळू. सरदाराचा वाडा आणि व्यापाऱ्याचा वाडा यांत फरक आहे, आणि तो रस्त्यावरूनच कळतो. सरदाराच्या वाड्याला उंच दरवाजा, क्वचित नगारखाना, कुठे बुरूज. व्यापाऱ्याला बाजारपेठेत मोक्याची जागा हवी, आणि तिथे जमीन महाग. म्हणून त्याच्या घराचं तोंड अरुंद आणि पोट खोल. घडीव काळ्या दगडाचं जोतं, त्यावर रस्त्याला लागून ओटा आणि दुकानाचे गाळे, गाळ्यांना लाकडी फळ्या, त्यांच्या बगलेला दिंडीचा दरवाजा. दिंडीतून वाकून आत गेलं की देवडी, आणि देवडी ओलांडली की पहिला चौक.

हा पहिला चौक धंद्याचा. त्याच्या एका अंगाला ओसरी, तिच्यावर गादी, लोड-तक्के, कलमदान, रोजकीर्द आणि खतावणी या हिशेबाच्या वह्या लिहिणारा कारकून. इथली प्रत्येक पायरी माणसाची पायरी सांगते. बरोबरीचा सराफ गादीवर बसणार, ओळखीचा दलाल ओसरीच्या कडेला, आणि पेरणीसाठी पैसे मागायला आलेलं कूळ खाली चौकात उभं राहणार. जोत्याची ती हात-दीड हात उंची समाजशास्त्राच्या कितीतरी पानांपेक्षा जास्त सांगते. ती कापून सपाट केली की ते पान कायमचं फाटतं.

पहिल्या चौकातून दुसऱ्यात जायला अरुंद बोळ. दुसरा चौक घरचा: माजघर, देवघर, स्वयंपाकघर, विहीर, तुळशीवृंदावन, कोठीची खोली. पेढीवर आलेल्या परक्या माणसाच्या नजरेला हा चौक पडत नाही. माडीवर जाणारा जिना जाड भिंतीच्या पोटात, एका वेळी एकच माणूस चढेल असा, आणि वर पोचल्यावर जिन्याच्या तोंडावर लाकडी झाकण. दरोडा पडला तर झाकण लावून त्यावर माणसं बसवायची. तळघर, बळदं म्हणजे भिंतीतल्या साठवणीच्या पोकळ्या, चोरकप्पे ही त्याच भीतीची आणि त्याच शहाणपणाची लक्षणं. घरात रोकड आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्यानं बांधलेलं हे घर आहे.

आणि हे सगळं उभं आहे लाकडी सांगाड्यावर. तळखड्यावर म्हणजे पायाच्या दगडावर सागवानी खांब, खांबावर हस्त म्हणजे लाकडी आधार, हस्तावर तुळई म्हणजे जाड आडवं लाकूड, तुळईवर कडीपाट म्हणजे लाकडी छत. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, आणि घराचं माप खणांत सांगायचं. भावाभावांत वाटणी झाली तर तीही खणांत होते: थोरल्याला रस्त्याकडचे खण, धाकट्याला विहिरीकडचे. खालचा मजला दगडाचा, वरचा हलक्या विटांचा, सांधायला चुना. सुरूच्या आकाराचे खांब, केळफुलांची नक्षी, खांबांमधल्या महिरपी हे सारं आपण कौतुकानं पाहतो, फोटो काढतो. पण या घराची खरी बुद्धी नक्षीत नाही. ती चौकात आहे. चारी बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंतींनी बंद असलेल्या घराला उजेड, वारा आणि कोरडेपणा देणारी ही एकच जागा. चौक उघडा आहे तोवर लाकूड श्वास घेतं. वाटण्या झाल्या, चौकात भिंत आली, कुणी पत्रे टाकून गोदाम केलं, कुणी मोरी काढली, की दमट हवा आत कोंडते, तुळयांची टोकं कुजू लागतात, वाळवी लागते. त्यावर उपाय म्हणून सिमेंटचा गिलावा केला की भिंतीतली ओल बाहेर पडायची वाटही बंद होते. वाड्याच्या मृत्यूची सुरुवात बहुतेकदा चौक झाकण्यापासून झालेली असते. म्हणून जे वारसा-नियम फक्त दर्शनी भाग राखायला सांगतात आणि मागे काहीही बांधायला मोकळीक देतात, ते मला अर्धवट वाटतात. दर्शनी भाग राखून चौक गमावला तर उरतो तो रस्त्याकडे तोंड करून उभा केलेला मुखवटा.

ही घरं धोकादायक असतात, पडतात, माणसं मरतात, हा आक्षेप खरा आहे आणि तो उडवून लावणं पाप आहे. नाशिकला, पुण्याला पावसाळ्यात वाड्याची भिंत कोसळल्याची बातमी येते, त्या ढिगाऱ्याखाली माणसं असतात. पण पडतं काय आणि का, हे नीट पाहायला हवं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात जाड दगडमातीच्या भिंती आणि छतावरचे मातीचे थर लोकांच्या अंगावर आले. आतला लाकडी खणांचा सांगाडा कितीतरी ठिकाणी तसाच उभा राहिला. अहमदाबादच्या जुन्या शहरात विटांच्या भिंतीत ठरावीक उंचीवर आडवी लाकडं घालायची रीत होती. ती लाकडं भिंतीला बांधून ठेवतात. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात त्या शहरातल्या अनेक नव्या बहुमजली इमारती कोसळल्या, आणि अशा बांधणीची पुष्कळ घरं टिकली. यातून जुनं ते सगळं सोनं असा निष्कर्ष कुणी काढू नये. किल्लारीचा धडा उलटा आहे: सांगाडा चांगला असून भिंत त्याला बांधलेली नसेल तर घर जीव घेतं. म्हणजे हा प्रश्न वयाचा नाही, बांधणीचा आणि डागडुजीचा आहे. पुण्यात १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, नदीकाठच्या पेठांमधले कितीतरी वाडे त्या पाण्यानं नेले, आणि तेव्हापासून वाडा म्हणजे पडणारी वस्तू ही समजूत लोकांच्या मनात घट्ट झाली असं मला वाटतं.

डागडुजी का होत नाही? कारण पैसा नाही, आणि पैसा का नाही याला कायद्याचा इतिहास आहे. रेल्वे आली, कापसाची तेजी आली, व्यापाराचा गुरुत्वमध्य मुंबईला सरकला. पेढ्या बंद पडल्या, मुलं नोकऱ्यांना लागली, आणि रिकाम्या खणांत बिऱ्हाडं आली. मग १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा. १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं तेच प्रमाण भाडं, त्यानंतर जागा दिली असेल तर पहिल्यांदा ठरलं ते. फाळणीच्या आणि टंचाईच्या त्या काळात हा कायदा गरजेचा होता. त्यानं लाखो कुटुंबांना डोक्यावर छप्पर दिलं. पण तो पन्नास वर्षं तसाच राहिला. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भाडी अशी गोठवून ठेवणं आता अवाजवी झाल्याचं म्हटलं, आणि ३१ मार्च २००० पासून नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. त्यात दरवर्षी चार टक्के वाढीची मुभा आहे. चाळीस रुपये भाड्याला चार टक्क्यांनी पंचवीस वर्षं वाढवलं तर ते शंभराच्या थोडं वर जातं. त्यात एक कौलही बदलता येत नाही, मग सागवानाची तुळई कशी बदलणार?

अशा स्थितीत मालकाला वाडा पडलेला परवडतो आणि भाडेकरूला तो पडू नये पण सुधारूही नये असं वाटतं, कारण सुधारणेच्या नावाखाली एकदा बाहेर पडलो तर परत आत येऊ याची खात्री नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. त्यांना एकमेकांचे वैरी करून ठेवणाऱ्या व्यवस्थेत वाडा मात्र हमखास मरतो.

मग भाडे नियंत्रण उठवावं का? मलेशियातल्या पेनांग बेटावरच्या जॉर्ज टाउनचा अनुभव पाहावा. तिथेही चिनी आणि भारतीय व्यापाऱ्यांची खाली दुकान, वर घर अशी शेकडो घरं, तिथेही गोठलेली भाडी. १ जानेवारी २००० पासून तिथला भाडे नियंत्रण कायदा रद्द झाला. भाडी एकदम वाढली, आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारे कारागीर आणि छोटे दुकानदार शहराबाहेर गेले. २००८ मध्ये त्या शहराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, घरं रंगली, त्यांची हॉटेलं झाली. घरं राहिली आणि गल्ल्यांमधली कुटुंबं गेली. मला पुण्याच्या बोहरी आळीचं किंवा नाशिकच्या तिवंध्याचं असं झालेलं नको आहे. बाजारातलं घर बाजारासकट राहिलं तरच त्याला अर्थ.

माझ्या मते जास्त उपयोगी उदाहरण अहमदाबादचं आहे. जुलै २०१७ मध्ये जागतिक वारसा शहराचा मान मिळवणारं ते भारतातलं पहिलं शहर. त्याच्या कितीतरी आधी, १९९६ पासून, तिथल्या महापालिकेत वारशासाठी वेगळा कक्ष आहे. जुन्या शहरातल्या यादीतल्या घराच्या मालकाला, घर न पाडल्याबद्दल आणि दुरुस्त केल्याबद्दल, हस्तांतरणीय विकासहक्क म्हणजे टीडीआर मिळतो; आपल्या जागी न केलेलं बांधकाम दुसरीकडे करण्याचा हा हक्क. तो विकून त्याच्या हातात पैसा येतो. तिथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. पोळांमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या गल्ल्यांच्या वस्त्यांमध्ये, घरं रिकामी होत आहेत, गोदामं वाढत आहेत. पण तत्त्व बरोबर आहे. शहराला घर हवं असेल तर शहरानं त्याची किंमत मोजावी, मालकाच्या भावनेला हात घालून ते फुकटात मागू नये.

आपल्याकडे टीडीआर नवा नाही, आणि मुंबईत वारसा-नियमावली १९९५ पासून आहे. अडचण अटींची आहे. वाड्यासाठी टीडीआर द्यायचा तर तो टप्प्याटप्प्यानं द्यावा: आधी छप्पर आणि तुळया, मग चौक मोकळा करणं, मग बाकीचं, आणि प्रत्येक टप्प्याची पाहणी झाल्यावर पुढचा हप्ता. राहणाऱ्या भाडेकरूचं आणि खालच्या दुकानदाराचं नाव त्या करारात मालकाच्या बरोबरीनं असावं. हा टीडीआर शेवटी दुसऱ्या कुठल्या तरी वस्तीत जादा मजल्यांच्या रूपानं उतरतो, तिथलं पाणी आणि रस्ते त्याचा भार सोसतात. म्हणून तो मोजका आणि खऱ्या वाड्यांनाच मिळावा, यादीत घुसवलेल्या चार भिंतींना नाही.

आता सर्वांत अवघड आक्षेप. कोणी विचारेल, सावकाराच्या घरासाठी शहरानं का झिजावं? ज्या ओसरीवर कुळांचे अंगठे घेतले गेले, ती ओसरी पडली तर बरंच झालं. या रागाला आधार आहे. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी सावकारांवर चालून गेले, आणि तो उठाव पुणे-नगर भागात पसरला. सावकारांना त्यांनी सहसा जिवे मारलं नाही. त्यांना हवे होते कर्जरोखे. ते मिळाले तिथे त्यांनी जाळले. चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला.

त्या शेतकऱ्यांचं करणं मला समजतं. गळ्याभोवतीचा फास तोडणाऱ्याला इतिहासाची कागदपत्रं जपायला सांगता येत नाही. पण आज दीडशे वर्षांनी आपण कुणाच्याही गळ्यातला फास तोडत नाही. आज वाडा पाडणारा कुळाचा वारस नसतो. आणि वाडा पडतो तेव्हा सावकाराची गोष्ट फारशी हरवत नाही. त्याच्या वारसांजवळ वंशावळ असते, फोटो असतात, जमिनी असतात. हरवते ती चौकात उभ्या राहणाऱ्याची गोष्ट. त्यानं स्वतः काही लिहिलेलं नाही. त्याचं नाव आहे ते याच घराच्या माळ्यावर, मोडीतल्या खतावणीत, रकमेसमोर.

पणजीचं म्हामाई कामतांचं घर याची साक्ष आहे. जुन्या सचिवालयाला लागून असलेल्या या घरातली मंडळी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि पुढे गोव्यातले मोठे व्यापारी आणि दलाल होती. त्यांची कागदपत्रं पुढे पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात गेली आणि अभ्यासकांना खुली झाली. पोर्तुगीज, फ्रेंच, मराठी अशा अनेक भाषांतल्या त्या कागदांत अफू आहे, तंबाखू आहे, कापड आहे, आणि गुलामांची खरेदी-विक्रीही आहे. हिंदी महासागरातल्या गुलामांच्या व्यापारात आपल्या किनाऱ्यावरच्या माणसांचा वाटा किती, हे त्या घरानं कागद टाकून दिले नाहीत म्हणून आपल्याला कळलं. अभिमानाचा विषय नसलेला इतिहासही जपावा लागतो, आणि तो बहुतेकदा व्यापाऱ्याच्याच घरात असतो, कारण हिशेब ठेवणं हा त्याचा धर्म होता.

आपली सवय मात्र घराऐवजी नाव जपायची आहे. बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली. त्या वाड्याचं राष्ट्रीय स्मारक व्हावं ही मागणी वर्षानुवर्षं होती, खटला वर्षानुवर्षं चालला, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर डिसेंबर २०२३ मध्ये महापालिकेनं तो वाडा पाडला, स्मारक बांधण्यासाठी. तोवर वाड्याची अवस्था फार वाईट झाली होती, हे मान्य. स्मारक व्हायलाच हवं, हेही मान्य. पण खटला चालू असतानाच्या त्या सगळ्या वर्षांत कुणी त्याच्या तुळयांना टेकू दिले असते, तर ज्या जिन्याजवळून, ज्या खोल्यांतून त्या मुली वावरल्या त्यातलं काहीतरी आज आपल्या लेकींना दाखवता आलं असतं. इतकं मोठं नाव असलेल्या वाड्याची ही गत, तर नाव नसलेल्याची काय होणार?

म्हणून टीडीआर, भाडे कायदा ही मोठी कामं होत राहोत; एक काम महापालिका याच पावसाळ्याआधी सुरू करू शकते. महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक घरांना नोटिसा निघतात. ती नोटीस निघण्याआधी वाड्याची पाहणी लाकूड आणि चुना कळणाऱ्या अभियंत्यानं करावी. ज्याचं सारं शिक्षण आरसीसीत झालं आहे त्याला प्रत्येक वाकलेली तुळई मरणाचं लक्षण वाटते, आणि कधी खरोखर मेलेली भिंत सिमेंटच्या गिलाव्याखाली त्याला दिसत नाही. वाड्याला टेकू देऊन वाचवता येत असेल तर त्याचा खर्च आधी पालिकेनं करावा आणि नंतर मालमत्ता करातून वसूल करावा. आणि पाडणं खरंच अटळ असेल, तर पाडकामाच्या परवानगीला दोन अटी जोडाव्यात. एक, खण-खण मोजून पूर्ण घराचे, चौकांसकट, नकाशे काढून ते पालिकेत जमा करावेत. पुण्यात, नाशकात वास्तुकलेची महाविद्यालयं आहेत, त्यांचे विद्यार्थी अशी मोजणी अभ्यासाचा भाग म्हणून करतातच. दोन, माळ्यावर, बळदात, तळघरात सापडलेलं दप्तर रद्दीवाल्याकडे जाण्याआधी मोडी जाणणाऱ्या माणसानं पाहावं. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आहे आणि मोडी शिकवणारे वर्गही चालतात. मालकाला याचा एक पैशाचा भुर्दंड पडत नाही, भाडेकरूचा हक्क कमी होत नाही. आयुक्तांना त्यासाठी विधानसभेत जावं लागत नाही. परवानगीच्या अर्जात या दोन ओळी घालायच्या आहेत.